भाड्याने आणलेली हौस

माझी आई नोव्हेंबर २०२२ मध्ये गेली. दिवस झाले त्या दिवशी समोर ठेवायला तिचा फोटो हवा होता. आम्ही भावंडांनी तीन कपाटं, दोन ट्रंका आणि घरातले सगळे मोबाइल धुंडाळले. वडिलांचे फोटो ढीगभर निघाले. ऑफिसातला, सत्कारातला, बदामी हलव्याच्या ताटापुढे बसलेला. आईचा एकटीचा, नीट समोर बघणारा फोटो एकही नव्हता. ती आयुष्यभर एकतर स्वयंपाकघरात होती, नाहीतर फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे कुणाचं तरी रडकं मूल कडेवर घेऊन उभी होती. अखेर चुलत बहिणीच्या लग्नातल्या एका ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने तिचा चेहरा कापून, मोठा करून दिला. तो फोटो भावाच्या दिवाणखान्यात आहे. नीट पाहिलंत तर आईच्या डाव्या खांद्याशी जांभळ्या शालूचा काठ दिसतो. तो तिचा नाही. शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंचा आहे.

त्या जांभळ्या काठाकडे बघत बघतच मी ठरवलं, की आता कॅमेरा शिकायचा. वय त्या वेळी पंचावन्न.

तसं कॅमेऱ्याचं वेड लहानपणापासूनचं. वडिलांकडे बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत आणि त्या बारांचा हिशेब घरात दुधाच्या हिशेबापेक्षा काटेकोर. भावाला कधीमधी बटण दाबायला मिळायचं. मला मात्र "तू हलवशील" म्हणून नुसतं बघायला. चाळीसएक वर्षांनंतर घरात कुणी नको म्हणणारं उरलं नव्हतं, तरी हात पुढे करायला धीर होत नव्हता हे खरं.

"मोबाइल आहे की तुझ्याकडे!" असं आमच्याकडे हे म्हणालेच. मोबाइलचे फोटो वाईट नसतात, उन्हात तर छानच येतात. पण आपला मोबाइल स्वतःच्या मनाने चेहरा उजळ करतो, गालावरच्या रेषा पुसतो. मला त्या रेषाच हव्या होत्या. आणि फोटो बिघडला तर का बिघडला हे मोबाइल सांगत नाही. शिकायचं तर चूक कुठे झाली ते कळायला हवं ना?

माझी पोस्टातली रिकरिंगची रक्कम नुकतीच हातात आली होती. दुकानात चौकशी केली. कॅमेरा, दोन लेन्स, बॅग असं सगळं मिळून ७२,००० रुपये! घरातल्या बाईने स्वतःच्या हौसेवर एवढे पैसे एकरकमी टाकायचे म्हणजे पोटात गोळा येतो. वाटलं, घेतला आणि सहा महिन्यांत कपाटात पडला तर? शिवणयंत्राचं झालं तसं? मग जन्मभर ऐकून घ्यायचं. माझा भाचा मात्र पटकन म्हणाला, "आत्या, विकत कशाला? आधी भाड्याने आण. लग्नाचे फोटो काढणारे निम्मे लोक तेच करतात."

मला हे ठाऊकच नव्हतं. पुण्या-मुंबईत अशी दुकानं बरीच आहेत. लहान गावात दुकान नसेल, तर लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत विचारून पाहा. सराईचे दिवस सोडले तर त्यांचा एखादा कॅमेरा रिकामा असतो आणि ओळखीपाळखीवर मिळतो. दर गावागणिक, वस्तूगणिक वेगळे. मला पडले ते सांगते. साधा, शिकाऊ माणसाला पुरेल असा कॅमेरा त्याच्या नेहमीच्या छोट्या लेन्ससकट दिवसाला ७०० रुपये, शिवाय परत मिळणारी ५,००० रुपयांची अनामत.

ऑगस्ट २०२३ मधला तो पहिला दिवस म्हणजे फजितीच होती. घरी आणून पहिली पाच मिनिटं मला सगळं काळं दिसत होतं, कारण लेन्सचं झाकण काढलेलं नव्हतं. ते काढल्यावर मी तुळस, मांजर, शेजारणीचा नातू, वाळत घातलेले कपडे असं दिसेल ते टिपत सुटले. दुपारी दोनला बॅटरी संपली. चार्जर बॅगेत होता, पण तो दुसऱ्याच कॅमेऱ्याचा! संध्याकाळी परत द्यायला गेले, तर काउंटरवरच्या मुलाने मागचा पडदा उजेडात धरला आणि म्हणाला, "काकू, हा ओरखडा आधी नव्हता." मी पाडला नव्हता, एवढं मला पक्कं माहीत होतं. पण सिद्ध कशाने करणार? आठशे रुपये अनामतीतून कापून घेतले. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीही होती. मी भाजी घेताना भेंडीचं एकेक टोक मोडून बघते आणि चाळीस हजारांची वस्तू न बघता पिशवीत टाकून घरी आले.

म्हणून मैत्रिणींनो, आणताना दुकानातच दहा मिनिटं काढा. घाई करणारा दुकानदार असेल तर खुशाल करू दे. कॅमेरा आणि लेन्स चारी बाजूंनी, पडद्यासकट, आपल्या मोबाइलवर टिपून घ्या. फोटोबरोबर तारीख-वेळ आपोआप राहते. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा. आत कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, ती लेन्स घेऊ नका. एक फोटो पांढऱ्या भिंतीचा काढा, भिंगाचं छिद्र बारीक ठेवून, म्हणजे एफ १६ वर. त्यात काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. चार्जर लावून बघा. बॅटऱ्या दोन मागा. आणि तोंडाने विचारून नव्हे, पावतीवर लिहून घ्या, की दिवस म्हणजे चोवीस तास की दुकान बंद होईपर्यंत, उशीर झाला तर किती, आणि मोडतोड झाली तर कुणी किती भरायचं.

कागदपत्रांचं एक सांगून ठेवते. ओळखपत्राची मूळ प्रत दुकानात ठेवून येऊ नका. आधारच द्यायचं असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत सरकारी संकेतस्थळावरून काढता येते, ती द्या आणि तिच्यावर "फक्त कॅमेरा भाड्यासाठी" असं लिहून तारीख घाला. आणि फोटो साठवायचं कार्ड मात्र स्वतःचं न्या. दुकानाच्या कार्डावरून पुसलेले फोटो पुन्हा काढता येऊ शकतात. आपल्या घरातल्या लेकीसुनांचे फोटो परक्याच्या कार्डावर कशाला राहू द्यायचे? कार्ड काही फार महाग नसतं.

आता त्या यंत्राच्या पोटातलं थोडंसं. पुस्तकात वाचताना मला काही उमगलं नाही, हातात आल्यावर उमगलं. फोटो म्हणजे आत गेलेला उजेड. तो किती जाणार हे दोन गोष्टी ठरवतात. एक, खिडकी किती उघडली. ते भिंगाचं छिद्र. दुसरी, ती किती वेळ उघडी ठेवली, ते शटर. छिद्राच्या आकड्याची गंमत अशी की आकडा लहान तितकं छिद्र मोठं. शिवणाच्या दोऱ्याचा नंबर जसा उलटा चालतो, तसंच. तिसरी गोष्ट आयएसओ. उजेड कमी पडला की तो वाढवायचा, मग कॅमेरा आहे तेवढ्याच उजेडाला फुगवून दाखवतो. पण फार वाढवला की फोटो रवाळ होतो, बासुंदी फाटल्यासारखा. या तिघांची सांगड घालता आली की निम्मं शिक्षण झालं. ही सांगड मी तीन वेगवेगळ्या लेन्स आणून शिकले, आणि प्रत्येक वेळी आधी चुकले.

सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या भिशीच्या बायकांची कासच्या पठाराची सहल निघाली. (फुलांच्या दिवसांत प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते, विसरू नका.) मी फुलांसाठी मॅक्रो लेन्स आणली, कॅमेऱ्यासकट दोन दिवसांचे २,४०० रुपये. तेरड्याचे गुलाबी गालिचे सगळ्यांनी मोबाइलवर काढले. मला हवी होती सीतेची आसवं. ओल्या जमिनीत उगवणारं, नखाएवढं जांभळं फूल. दिसायला नाजूक, पण बारीक किडे खाऊन जगणारं! पायवाटेवर प्लास्टिकची गोणी अंथरून मी चक्क पालथी झोपले. बायका हसत होत्या. वीस फोटो काढले. एकात पाकळीची कड स्पष्ट, बाकी सगळं धुकं. इतक्या जवळून टिपताना छिद्र मोठं ठेवलं की स्पष्टतेचा पट्टा कागदाच्या जाडीएवढा उरतो, हे मला तिथे चिखलात कळलं. छिद्र एफ ११ वर नेलं तर उजेड कमी, शटर हळू, आणि वारा काही थांबेना. शेवटी आयएसओ वाढवला, शेजारणीला छत्री आडवी धरायला लावली आणि श्वास रोखून तीन बरे फोटो मिळाले. त्यातला एक तिच्या फ्रीजवर लावलेला आहे. छत्रीचं भाडं वसूल, असं ती म्हणते.

मग डोक्यात पक्षी शिरले. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही दोघं भिगवणला गेलो. उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात, चित्रबलाक तर झाडं भरभरून. कुंभारगावात होडी मिळते. त्यासाठी १५०-६०० ची लांबलचक लेन्स आणली. कॅमेरा धरून दिवसाला १,९००, दोन दिवसांचे ३,८०० रुपये. वजन? नुसत्या लेन्सचं दोन किलो. दुकानात हातात घेतली तेव्हा काही वाटलं नाही. होडीत अर्ध्या तासाने मनगट भरून आलं. बरोबर नेलेलं तिपाई स्टँड होडीत कुचकामी, कारण होडीच हलते. एवढ्या लांबच्या लेन्सला हाताचा जरासा कंप पुरतो. ढोबळ नियम असा, की लेन्सचा आकडा ६०० असेल तर शटर सेकंदाच्या सहाशेव्या भागाहून हळू नको. उडत्या पक्ष्याला तर हजाराव्या भागाहूनही जलद हवं. मला हा नियम परतीच्या वाटेवर ह्यांनी मोबाइलवर वाचून दाखवला. ७४० फोटोंतले सहा ठेवण्यासारखे निघाले.

त्या होडीत मला होमाई व्यारावालांची फार आठवण आली. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या या बाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. कॅमेरा त्या पती मानेकशॉ यांच्याकडून शिकल्या आणि सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्याच नावाने छापले जात! पुढे दिल्लीत साडी नेसून, सायकलवर ते अवजड सामान लादून त्या हिंडत. ऑगस्ट १९४७ मधला लाल किल्ल्यावरचा झेंडा त्यांनी टिपला. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०११ साली, आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत त्या गेल्या. तेव्हाचे कॅमेरे, ते वजन, आणि खांद्यावरून सरकणारा पदर. इथे मी पंजाबी ड्रेसमध्ये बसूनही कुरकुरत होते.

पण भिगवणची खरी शिकवण वेगळीच. घरी येऊन ते सहा फोटो पाहिले. चांगले होते. पण मला काही वाटलं नाही. रोहित पक्ष्यांचे फोटो काढणारे त्या होडीत माझ्याशिवाय तिघं होते, त्यांचे माझ्याहून सरस आले असणार. मी कॅमेरा हातात घेतला होता तो कशासाठी? ती ७२,००० ची खरेदी केली असती, तर त्यातली मोठी लेन्स पक्ष्यांसाठीच घेतली होती मी, दुकानदाराच्या सांगण्यावरून. ती आज माळ्यावर असती.

मार्चमध्ये मी दुकानात गेले आणि म्हटलं, "घरातल्या माणसांचे फोटो काढायचेत, तेही दिवा न लावता." मुलाने ५० ची लेन्स काढून दिली. लहानशी, लिंबाएवढी वाटावी अशी. झूम नाही; जवळ जायचं तर आपणच दोन पावलं पुढे जायचं. पण तिचं छिद्र एफ १.८ पर्यंत उघडतं. नेहमीच्या छोट्या लेन्सला तेवढ्याच अंतरावर एफ ५.६ च्या आसपास थांबावं लागतं. या दोहोंत उजेडाचा फरक जवळजवळ दसपट! आमच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी नेलेली वस्तू सोमवारी सकाळी दिली तर एकच दिवस धरतात. ९५० रुपये दिले.

सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, कानाला जरा कमी, पण जीभ शाबूत. रविवारी सकाळी त्या खिडकीशी पाटावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी ट्यूबलाइट बंद केली. खिडकीचा उजेड एका गालावर येत होता; दुसऱ्या बाजूला अंधार फार वाटला म्हणून खुर्चीच्या पाठीवर पांढरा पंचा टाकून ती जवळ सरकवली. तेवढ्याने चेहऱ्याची ती बाजू उजळते, करून बघा. त्यांनी मान वर केली.

"काय चाललंय? भिंतीवर लावायला काढतेस का?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण खरं तर तेच होतं. आईच्या वेळेसारखं पुन्हा व्हायला नको, हेच मनात होतं.

"अगं, बोल की. मला काय ठाऊक नाही का," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईच्या फोटोतला तो काठ मीही पाहिलाय. पण असल्या अवतारात नको हो. इरकली नेसू दे मला."

इरकल नेसून, केस नीट करून, हात मांडीवर ठेवून त्या ताठ बसल्या. मी पंचवीस-तीस फोटो काढले आणि पडद्यावर मोठे करून बघितले तर बहुतेक बिघडलेले. एफ १.८ वर नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे पुसट! चष्म्याची दांडी स्पष्ट, चेहरा नाही. मग छिद्र एफ २.८ वर आणलं, फोकसचा ठिपका स्वतः उचलून जवळच्या डोळ्यावर ठेवला, शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग, आयएसओ ८००. आता जमायला लागलं. तोवर त्या कंटाळून पुन्हा मेथीकडे वळल्या होत्या, इरकल नेसूनच. कामवाल्या बाईने दारातून काहीतरी सांगितलं, त्या मोठ्याने हसल्या, आणि माझं बोट आपोआप दाबलं गेलं.

तीच लेन्स मी त्या वर्षीच्या दिवाळीत नवी घेतली आणि तिला जोडायला वापरलेला कॅमेरा. दोन्ही मिळून ३१,००० रुपये. (वापरलेला घेताना शटर आजवर किती वेळा उघडलंय तो आकडा विचारा, स्कूटरचे किलोमीटर विचारतो तसा.) भाड्यापोटी, त्या आठशेसकट, गेले होते ८,६५०. ह्यांनी वहीत बेरीज करून दाखवली आणि प्रथमच काही बोलले नाहीत. कॅमेरा घरात राहायला आल्यापासून तो पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात असतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. चामडी पाकिटात दमट हवा धरून राहते, तिथे नको. डांबराच्या गोळ्या आणि कापूर त्याच्या आसपासही नको, कपड्यांच्या कपाटात ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. भिंग पदराने पुसायचा मोह आवरा; आधी फुगा दाबून धूळ उडवायची, मगच मऊ फडकं.

पण मी त्या रविवारचं सांगत होते. संध्याकाळी सगळे फोटो टीव्हीवर लावले. हसतानाचा आला तशा सासूबाई ओरडल्या, "कवळी कुठाय माझी? काढून टाक तो!" ताठ बसलेला मात्र बराच वेळ पाहिला. "याच्या दोन प्रती कर. एक इचलकरंजीला माझ्या बहिणीला धाड. एक माझ्या पोथीत ठेव. लागेल तेव्हा तिथून घ्या." मी मान हलवली. हसरा मी काढून टाकला नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "आणि तुझा गं कुणी काढायचा? आण इकडे ते."

मी कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, हात कापतात म्हणून शटर वाढवलं आणि बटण कुठे ते दाखवलं. नातवाला हाताशी उभं केलं, कॅमेरा खाली गेलाच तर झेलायला. त्यांनी एक डोळा मिटला, मग चुकून दुसराही. फोटोत माझं कपाळ वरून कापलं गेलंय, मागे कॅलेंडर तिरकं, आणि पुढ्यात मेथीच्या काड्यांचा ढीग. चेहरा मात्र अगदी स्पष्ट.

सोमवारी सकाळी दहाला लेन्स परत केली. मुलाने उजेडात धरून बघितली, मीही मोबाइलवरचे फोटो उघडून समोर धरले. या वेळी अनामत पुरी मिळाली.